दीपमालाचा काटा

जाम चौरस्त्यावरून समुद्रपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला एक वजनकाटा येतो. पाटीवर त्याचं नाव दुसरंच काहीतरी आहे, पण ते बँकेखेरीज कोणी वापरत नाही. गिट्टीचे टिप्परवाले, भंगारवाले, कापसाच्या गाड्या घेऊन येणारे, सगळे त्याला दीपमालाचा काटा म्हणतात. या भागात एखाद्या जागेला बाईचं नाव पडायचं तर ती बाई एक तर देवी असावी लागते, नाहीतर मेलेली. दीपमाला थूल दोन्ही नव्हती. ती रोज सकाळी सातला केबिनचं शटर वर करायची आणि साडेसातपर्यंत पहिली गाडी काट्यावर घ्यायची.

तिचे वडील लहानू थूल हिंगणघाटच्या बाजारात हमाल होते. तीस वर्षं त्यांनी पाठीवर कापूस, तूर, चना वाहिला. लहानपणी एकदा तिने त्यांना विचारलं होतं, "बाबा, तुमी आजवर किती वजन उचललं असन?" ते म्हणाले, "मले काय माहीत. लिहिनारा दुसरा असते."

दीपमालाने बी.कॉम. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हायवेवरच्या एका काट्यावर ऑपरेटर म्हणून लागली. तिथे तिने नऊ वर्षं काढली. काट्याचं काम दिसायला सोपं असतं. भरलेली गाडी येते, तिचं वजन होतं. माल उतरवून रिकामी गाडी परत येते, तिचंही वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. पण या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत किती जणांची बोटं शिरतात ते तिने नऊ वर्षांत पाहिलं. मालक अधूनमधून येऊन सांगायचा, "याचं जरा दाबून घे." ती घ्यायची. काटा आपला नाही, असं मनाशी म्हणायची. हे इतक्यांदा म्हणून झालं की एक दिवस तिला वाटलं, आपला असला तर?

ती एकोणतीस वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट, २०१२ सालची. काट्याला रस्त्यालगतची जागा लागते. ती रविवारी-रविवारी स्कूटी घेऊन जाम, समुद्रपूर, गिरडच्या रस्त्यांवर जागा शोधत फिरली. लोक बसायला खुर्ची देत, चहा देत, जागा दाखवत. मग आडनाव विचारत. आडनाव सांगितलं की जागेचे भाऊबंद निघत, कोर्टाची केस निघे, कुणाचा मोठा भाऊ अमरावतीला असे आणि त्याला विचारावं लागे. अशा अकरा जागा झाल्या. बाराव्या जागेचे मालक रूपरावजी. साठीला आलेले, कमरेत थोडे वाकलेले शेतकरी. त्यांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "काटा खरा ठेवशीन?"

ती म्हणाली, "हो जी, काकाजी."

"मंग घे. भाडं थोडं कमी दे, पन काटा खरा ठेवजो. माया बापानं अन् म्या जलमभर काटेवाल्याच्या तोंडाकडं पाह्यलं. काट्याकडं पाहून त काई समजत नव्हतं."

कागद झाला. काम सुरू झालं. जमीन काळी होती, आणि काळी जमीन पावसात फुगते, उन्हात फाटते. ठेकेदाराने फाउंडेशन जेवढं खोल घ्यायला हवं तेवढं घेतलं नाही. पहिल्या वर्षी काटा उन्हाळ्यात बरोबर चालला. ऑगस्टमध्ये एक ट्रॅक्टर तिने दोनदा तोलला आणि दोनदा वेगळं वजन आलं. फरक वीस-बावीस किलोंचा. गाडीवाल्याला कळलंही नव्हतं. तिने त्याचे पैसे परत केले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून रस्त्याच्या कडेला लावलं: काटा बंद आहे. वजन चूक दाखवत आहे.

लोक गाड्या थांबवून ती पाटी वाचायचे आणि हसायचे. स्वतःच्या दुकानाबद्दल असं कोण लिहितं. लहानू दोन महिने जवळच्या बाभळीखाली खाट टाकून बसले आणि खोदणाऱ्या मजुरांवर नजर ठेवली. तिने सगळं उखडलं, मुरूम लागेपर्यंत खाली गेली, पुन्हा सिमेंट भरलं, वर लोखंडी प्लॅटफॉर्म चढवला. वैधमापनवाले प्रमाणित वजनं घेऊन आले, त्यांनी तपासलं, शिक्का मारला. दिवाळीनंतर काटा सुरू झाला तो रांग लागूनच. त्या पाटीने जे केलं ते कुठल्याही जाहिरातीने केलं नसतं.

पुढची सहा-सात वर्षं तिची चांगली गेली, म्हणजे काम चांगलं झालं. लोक दुसरा काटा टाकून वाकड्या वाटेने तिच्याकडे यायचे. व्यापारी आणि शेतकऱ्यात वाद झाला की कोणीतरी म्हणायचं, चाल दीपमालाच्या काट्यावर, आणि तिथे वाद मिटायचा. पण दिवस सगळा खिडकीच्या एका चौकोनात जायचा. त्या चौकोनातून गाडीचा दरवाजा दिसायचा आणि पावती घ्यायला आलेला हात. हात ती ओळखायची, चेहरे फारसे नाही. सुरुवातीला तिला स्थळं आली. बघायला आलेल्यांना वाटायचं मुलगी बँकेत वगैरे असेल. ट्रकवाल्यांच्या रस्त्यावर एकटी बसते म्हटल्यावर ते चहा पिऊन उठायचे. पुढे स्थळं यायची थांबली आणि तिनेही कोणाला आठवण करून दिली नाही. धाकटा भाऊ रत्नदीप नागपूरला नोकरीला लागला. २०१७ साली लहानू गेले. मग तिने वडिलांसोबत राहायची ती समुद्रपूरची खोली सोडली आणि केबिनच्या मागेच दोन खोल्या बांधून राहायला आली.

रोजचं येणारं माणूस एकच, रूपरावजी. दुपारी चारला ते पेपर घेऊन यायचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, पेपरातली बातमी तिला वाचून दाखवायचे आणि त्यावर आपलं मत सांगायचे. त्यांचा मुलगा अंकित शाळेत होता तेव्हापासून त्याच्या मार्कांचं, मग कॉलेजचं, मग शेतीत लक्ष देत नाही याचं सगळं तिला ऐकवून झालं होतं. गाडी आली की ते बोलणं थांबवायचे, वजन झालं की होतं तिथून पुढे सुरू करायचे. साडेपाचला उठायचे. एखाद दिवस आले नाहीत तर दीपमाला रस्त्याकडे पाहत राहायची.

२०१९ मध्ये अर्ध्या किलोमीटरवर नवा काटा आला. लांब प्लॅटफॉर्म, चौदा चाकी ट्रकही मावणारा, शेजारी चहाची टपरी, रात्रभर दिवे. मालक कुठल्यातरी नेत्याच्या नात्यातला होता म्हणत. दीपमालाकडची रांग एका हंगामात विरली. कधी दिवसभरात तीन गाड्या यायच्या, कधी दोन. ती केबिनची काच पुसायची, प्लॅटफॉर्मवरची माती झाडायची, पुन्हा काच पुसायची. रूपरावजी म्हणायचे, "येतीन, येतीन. लोक चहाले गेले हायेत, वजनाले वापस येतीन." लोक आले नाहीत.

आले ते बंडूजी. हे अण्णाजी नावाच्या कापूस-व्यापाऱ्याच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे, मुनीम. अण्णाजींच्या सहा गाड्या गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या घरून कापूस उचलायच्या. त्या सगळ्या आता तुमच्याकडे तोलू, असं बंडूजी म्हणाले. एकच अडचण होती. जिनिंग सात किलोमीटरवर. रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आणायची म्हणजे डिझेल जातं, वेळ जातो.

"गाड्या त त्याच हायेत, मॅडम. रिकाम्याचं वजन एकडाव करून कॉम्प्युटरात ठेवून द्या. दरवेळी भरल्यातून तेवढं वजा."

बरेच काटेवाले असं करतात हे तिला ठाऊक होतं. आपण कधी करायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तेही ठाऊक होतं. पण आकडा खरा असला तर त्यात खोटं काय, असं तिने स्वतःला विचारलं. सहाही गाड्या रिकाम्या आणवल्या, तोलल्या, आकडे भरून ठेवले. पहिलं वर्ष सगळं सरळ चाललं. दिवसाला पंधरा-वीस गाड्या होऊ लागल्या. तिने केबिनला रंग दिला.

दुसऱ्या वर्षी बंडूजी म्हणाले, गाड्यांना नव्या ताडपत्र्या आल्या, दोराची बंडलं आली, पुन्हा रिकामं वजन घ्या. गाड्या आल्या. मागे हौद्यात एकेक हमाल बसला होता. तिने खिडकीतून पाहिलं. खाली उतरा, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. बंडूजी तिच्याकडे न पाहता फोनवर बोलत होते. तिने आकडा टाकला.

त्यानंतरच्या हंगामात हमाल बसवायचीही तसदी राहिली नाही. बंडूजींनी फोनवरच सांगितलं, "सहाही गाड्याइच्या पह्यल्या वर्षीच्या वजनावर साठ-साठ वाढवून टाका." रिकामी गाडी साठ किलोंनी जड दाखवली की कापूस साठ किलोंनी कमी भरतो. शेतकऱ्याला पावतीवर तीन आकडे दिसतात, त्यातला मधला कोणी वाचत नाही.

ती म्हणाली, "बंडूजी, हे काय हाये?"

"काई नाई. कापूस ओला येते. ओल धरतो आमी."

"ओलीचं तुमी जिनिंगमध्ये कापताच ना."

"तिथं भांडनं होतात," बंडूजी शांतपणे म्हणाले. "तुमच्या काट्याशी कोनी भांडत नाई, मॅडम."

तिने विचार करते म्हणून सांगितलं. चार दिवस अण्णाजींची एकही गाडी आली नाही. रस्त्यावरून ती त्या गाड्या पुढे जाताना पाहत होती. पाचव्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर उघडला आणि सहा आकडे बदलले. दहा मिनिटांचं काम होतं. दुपारी गाड्या आल्या.

समुद्रपूरच्या विहारात ती दर पौर्णिमेला जायची. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी, जे आपल्याला दिलेलं नाही ते न घेण्याचं, तिथे तिने एकदा ओळ गाळली. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. पुढच्या पौर्णिमेला ती गेली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, काट्यावर माणूस नाही, सोडून कसं येऊ. ते खरंच होतं.

२०२३ च्या जानेवारीत रूपरावजी शेतात पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. सेवाग्रामला ऑपरेशन झालं. दीड-दोन महिने ते खाटेवर होते. चारची खुर्ची रिकामी राहू लागली. दीपमाला दोनदा भेटून आली, संत्री घेऊन. फेब्रुवारीत एक दिवस अण्णाजींची गाडी काट्यावर चढली आणि ड्रायव्हरशेजारून अंकित उतरला. बावीस वर्षांचा, बापासारखाच उंच. तो खिडकीशी आला.

"दीपाताई, आपला कापूस हाये. बाबानं म्हनलं, बाकी कुठीबी दे, पन वजन ताईच्या काट्यावर करजो."

बंडूजी त्याच्या मागे उभे होते. दीपमालाचा हात कीबोर्डवर होता. भरलेलं वजन आलं. खाली गाडीचं रिकामं वजन आपोआप उमटलं, साठ वाढवलेलं. ते बदलायचं तर तीन बटणं दाबायची होती, आणि बंडूजी स्क्रीनकडे पाहत होते. तिच्या मनात आलं, काकाजींचं नंतर कसंतरी भरून देऊ. भाड्यात वाढवू. काहीतरी करू. तिने पावती छापली. अंकितने घडी करून खिशात ठेवली. संध्याकाळपर्यंत त्याच्या आणखी दोन खेपा झाल्या. प्रत्येक वेळी तो खिडकीशी येऊन हसला.

एप्रिलमध्ये रूपरावजी काठी टेकत पहिल्यांदा केबिनमध्ये आले. खुर्चीवर बसायला त्यांना वेळ लागला. पेपर आणला नव्हता. दीपमालाने पाणी दिलं. तिला वाटलं, आता वजनाचं काढतील. काढतील तर सांगून टाकू, असंही वाटलं.

"पोरगं खोटं निघालं, दीपा," ते म्हणाले.

तिला काही कळेना.

"घरी वेचाईच्या बायाइले रोज मोजून पैशे देतो आपन. एकेक किलो लिहेल हाये. तुया काट्यावर दोन क्विंटल कमी भरलं. वाळून घटते, मले समजते. पन एवढं घटत नाई. म्या विचारलं त म्हनते, काटा चुकला असन. त्याच हप्त्यात नवा मोबाइल घेतला त्यानं. रस्त्यात गाठोडी इकली असन, दुसरं काय. म्या त्याले मारलं. त्याच्या मायसमोर मारलं. म्हनलं, इकलं त इकलं, पन त्या पोरीच्या काट्यावर काऊन ढकलते?"

"कुठी हाये तो आता?" तिने विचारलं.

"गेला. चाकनले हाये म्हनते, कंपनीत. मायले फोन करते. मले नाई."

एक टिप्पर काट्यावर चढला. दीपमालाने वजन केलं, पावती दिली, आकडा पुन्हा तपासला. टिप्पर गेला. रूपरावजींनी होतं तिथून पुढे बोलणं सुरू केलं. साडेपाचला ते उठले तेव्हा तिने त्यांना रस्त्यापर्यंत हात दिला.

ते सगळं वर्ष तसंच गेलं. रूपरावजी पुन्हा रोज चारला येऊ लागले आणि रोज थोडंथोडं अंकितबद्दल बोलू लागले. लहानपणी तो कसा खरं बोलायचा, शाळेत सापडलेलं घड्याळ त्याने गुरुजींना कसं नेऊन दिलं होतं. कुठे चुकलं आपलं, असं ते विचारायचे आणि तिच्या उत्तराची वाट पाहायचे. आधी ज्या माणसाची ती दिवसभर वाट पाहायची, त्याच्या काठीचा आवाज आला की आता ती मागच्या खोलीत जाऊन उगाच भांडी हलवायची. तरी त्यांनी यायचं थांबवू नये असंही तिला वाटायचं.

त्या दिवाळीला कापूस सुरू झाला आणि बंडूजींचा फोन आला. ती म्हणाली, यंदा प्रत्येक गाडी दोनदा तोलणार, भरलेली आणि रिकामी, नाहीतर तोलणार नाही. संध्याकाळी अण्णाजींचाच फोन आला. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत.

"बाई, खोटं करत नाई म्हनते ते बरं हाये. मंग एवढे दिवस काऊन केलं?"

गाड्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या काट्यावर जाऊ लागल्या. ती पुन्हा काच पुसू लागली. लोकांना वाटलं अण्णाजींनी तिला सोडलं. एक-दोघांनी हळहळही केली. आपण सुधारलो, याचं तिला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी चार वाजले आणि काठीचा आवाज आला.

दिवाळीत अंकित घरी आला नाही. संक्रांतीलाही आला नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रूपरावजी केबिनमध्ये बसले होते. काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, "तू एक काम कर मायं. तू फोन लाव त्याले. तुयं ऐकन तो. म्हन, बाबा म्हनते झालं गेलं सोड, फक्त एकडाव कबूल कर. मी माफ करतो. तुया तोंडून आलं त त्याले पटन."

त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर नंबर लिहिलेला होता. मोठ्या, वळणदार अक्षरांत, बहुतेक त्यांच्या बायकोकडून, देवकाबाईंकडून लिहून घेतलेला. कागद त्यांनी कीबोर्डवर ठेवला.

दीपमालाने तो उचलून हातात धरला आणि म्हणाली, "काकाजी, त्यानं काई इकलं नाई."

"तुले काय माहीत?"

"वजन म्या कमी दाखोलं. अण्णाजीच्या गाड्याइचं रिकामं वजन वाढवून ठेवलं होतं. तीन खेपा झाल्या. दर खेपेले साठ किलो."

रूपरावजींनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"अंकित उभा होता तवा?" त्यांनी विचारलं.

"होता."

"कापूस माया हाये, हे माहीत होतं?"

"हो."

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली. रूपरावजी खुर्चीत थोडे सरकले, जणू पाय अवघडला होता.

"त्यानं सांगतलं होतं मले," ते म्हणाले. "मी म्हनलं, ते पोरगी उपाशी राहीन, पन आकडा नाई बदलवन. अन् मारलं त्याले."

"काकाजी, मी..."

"थांब जरा." ते उठले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पण तिने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. दारात थांबून म्हणाले, "जागा मी वापस मागत नाई. कागद झाला हाये, तेवढे वर्ष राहा. पन मी आता येत नाई इथं."

ते गेले. त्यांचं बोलणं राग आल्यासारखं नव्हतं. रोज साडेपाचला निघायचे तसेच निघाले, फक्त तेव्हा साडेचारच वाजले होते.

त्याच संध्याकाळी तिने कागदावरचा नंबर लावला. मागे मशिनचा आवाज येत होता. तिने सगळं सांगितलं. अंकित म्हणाला, "मले माहीत होतं, ताई. त्याच गाडीनं त्याच्या आधीच्या दिवाळीत शेजारच्याचं सोयाबीन गेलतं मायासोबत, दुसऱ्या काट्यावर. तिथं रिकामी गाडी तोलली होती. तुमच्या पावतीवर पाह्यलं त साठ जास्त."

"मंग मले काऊन नाई बोलला?"

"बाबाले बोललो ना. आता काय करू म्या याचं?"

त्याने शिफ्ट आहे म्हणून फोन ठेवला.

तिने मग केबिनच्या काचेवर आतून एक कागद लावला. तिच्याच अक्षरात. अण्णाजींच्या सहा गाड्यांचे नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वजन चुकीचं दिलं, किती किलो, आणि खाली स्वतःचं नाव. वर्ध्याला जाऊन वैधमापन कार्यालयात तेच लेखी दिलं. काटा तपासायला आले तेव्हा काटा बिनचूक निघाला. चूक लोखंडात नव्हतीच. चौकशी झाली, दंड झाला, तिने तो भरला. अण्णाजींनी सगळीकडे सांगितलं की आमच्या गाड्या तिच्या काट्यावर जात होत्या एवढंच, आकडे बाई टाकत होती. ते खोटं आहे असं कोणाला म्हणता आलं नाही. तिलाही नाही.

लोक आले. काही शिव्या देऊन गेले. एक म्हातारा पावत्यांची पिशवी घेऊन आला आणि प्रत्येक पावतीवर बोट ठेवून विचारत बसला, ही? आणि ही? तिने एकेक पाहून सांगितलं. कोणी म्हणालं, अशी बाई पाहिली नाही. कोणी म्हणालं, सगळेच करतात, हिनं बोंबलून आपलंच वाटोळं केलं. विहारातल्या दोन बाया आल्या, बाहेरूनच कागद वाचून परत गेल्या. रत्नदीपचा नागपूरहून फोन आला, "विक सगळं, ताई, अन् इकडे ये. काय ठेवलंय तिथं?" ती म्हणाली, पाहते. काय ठेवलंय हे तिलाही सांगता येईना. पण सकाळी सात वाजले की शटर वर करावंसं वाटायचं. तेवढं तिला कळत होतं.

कापसाच्या गाड्या पुन्हा आल्या नाहीत. गिट्टी, मुरूम, भंगार येत राहिलं. त्यांना वजन हवं असायचं, काट्याची कीर्ती नाही.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी दुपारच्या वेळी एक मोटरसायकल केबिनशी थांबली. अंकित होता. अंगाने भरला होता, मिशी राखली होती. त्याने काचेवरचा कागद वाचला. तो उन्हाने पिवळा पडला होता, पण तिने काढला नव्हता.

"कवा आला?" तिने विचारलं.

"काल. चार दिवस हाये." तो खिडकीशी उभा राहिला, आत आला नाही. "बाबा स्टेशनवर घ्याले आलते. काठी घेऊन, कोनाची तरी गाडी करून. काई बोलले नाई. सामान उचलाले लागले, म्या उचलू नाई देल्लं."

"बरे हायेत?"

"हो. दुपारी झोपतात आता." त्याने पुन्हा काचेवरच्या कागदाकडे पाहिलं. "त्या तीन पावत्या हायेत का कॉम्प्युटरात?"

"हायेत."

"खऱ्या करून छापून द्या."

तिने तारीख शोधली. तीन पावत्या काढल्या. मधल्या आकड्यातून साठ-साठ कमी केले, शेवटचा आकडा साठ-साठने वाढला. छापल्या, शिक्का मारला, प्रत्येकीवर सही केली. तारीख आजची टाकली आणि खाली दुरुस्त असं लिहिलं. कागद देताना तिने विचारलं, "काकाजीले दाखवाले?"

"नाई," तो म्हणाला. "त्याइले काय दाखवाचं? मले पाह्यजेत."

त्याने पावत्या घडी न करता शर्टाच्या आत सरळ ठेवल्या आणि गाडीला किक मारली. जाताना हात हलवला नाही, पण थोडं थांबून मागे पाहिलं, आणि मग गावाकडे वळला.

दीपमालाने चहा ठेवला. उकळू लागला तेव्हा बाहेर हॉर्न वाजला, मुरुमाचा टिप्पर आला होता. संध्याकाळपर्यंत त्या दिवशी आणखी चार गाड्या आल्या. ओळखीची एकही नव्हती.